जुनी पेट्रोल गाडी इथेनॉलवर चालवणे: १९८९ ची पद्मिनी, सोलेक्स कार्बोरेटर आणि काही प्रश्न

वारणाकाठ

नमस्कार. आमच्या घरी १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजही ती आठवड्यातून एकदोनदा सांगलीपर्यंत जाऊन येते. इंजिनाचे काम एकदा झालेले आहे, कार्बोरेटर मूळचा सोलेक्स आहे, इंधन पंप यांत्रिक डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) आहे आणि इग्निशन पॉइंटचे आहे. गाडीत संगणक नाही, सेन्सर नाही, इंजेक्टरही नाही.

आम्ही वाळवा तालुक्यातले ऊस उत्पादक आहोत. ज्या कारखान्याला आमचा ऊस जातो त्याची स्वतःची आसवनी आहे आणि तिथून इथेनॉलचे टँकर तेल कंपन्यांच्या डेपोकडे जाताना आम्ही रोज पाहतो. आपल्या शिवारातल्या उसावर आपली गाडी चालावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० विकायला सुरुवात झाल्यापासून हा विचार अधिकच पक्का होत गेला आहे. जुन्या इंजिनात बदल फक्त कार्बोरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी छिद्रे), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि रबरी भाग यांपुरते असतील, तर हे काम गावातल्या चांगल्या मिस्त्रीकडूनही होऊ शकेल असे मला वाटते.

जेट किती मोठे करावे लागेल, टाकी आणि पाइप टिकतील का, डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू होईल का, आरटीओची भूमिका काय असते आणि हे सगळे करून पैसे वाचतात की उलट जास्त जातात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. शिवाय सध्या पंपावर जे वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते, त्यावर गाडी पिकअपला अडखळते आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो. याचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे का, तेही समजून घ्यायचे आहे.

यंत्रशाळा

धागा चांगला काढलात. मी पुण्यात जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे काम करतो, त्यामुळे आधी यंत्राच्या बाजूने लिहितो.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ पट लागते, कारण इथेनॉलच्या रेणूतच वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. इंजिन मात्र एका फेरीत हवा तेवढीच ओढते. तेव्हा त्याच हवेसाठी इथेनॉल वजनाने सुमारे १.६ पट आणि घनता थोडी जास्त असल्यामुळे मापाने सुमारे दीडपट द्यावे लागते. जेटमधून जाणारे इंधन छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, व्यासाच्या नव्हे, म्हणून दीडपट इंधनासाठी व्यास साधारण २२ ते २५ टक्के वाढवला की पुरते. तुमच्या मेन जेटवर समजा ११० आकडा कोरलेला असेल, तर शुद्ध इथेनॉलसाठी सुरुवात १३५ च्या आसपास होईल. स्लो जेट त्याच प्रमाणात वाढवावा लागतो आणि ॲक्सिलरेटर पंपाचा मारा वाढवावा लागतो, नाहीतर आयडलिंगला ठीक वाटणारी गाडी पाय दिल्याबरोबर गुदमरते.

जेट ड्रिलने मोठे करू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा जेट आधीच्या गॅरेजमध्ये हाताच्या ड्रिलने वाढवला होता. भिंगाखाली पाहिले तर छिद्र अंडाकृती झाले होते आणि आतून ओरखडे होते. त्या जेटवर कोणत्याही वेगाला हवा-इंधनाचे मिश्रण एकसारखे राहत नव्हते. आकडे कोरलेले तयार जेट मिळतात, तेच घ्यावेत, आणि अगदीच न मिळाल्यास जेटसाठीच्या बारीक रीमरने टप्प्याटप्प्याने काम करावे.

आता इंजिनाच्या आतले पाहू. इथेनॉलचा ऑक्टेन (खडखड न होता दाब सोसण्याची क्षमता) १०८ च्या आसपास असतो आणि आपल्याकडचे साधे पेट्रोल ९१ चे होते. इथेनॉलचा खरा फायदा उच्च दाबाच्या इंजिनात मिळतो. पद्मिनीचे कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी हवा-इंधन किती पट दाबले जाते ते, आठाच्या आसपास आहे. इथेनॉलसाठीच बनवलेल्या इंजिनांत ते अकरा-बारापर्यंत नेतात. हेड घासून तुमचे थोडे वाढवता येईल, पण तिथपर्यंत नेता येणार नाही. त्यामुळे टायमिंग काही अंश पुढे घेऊनही उष्मांकातला तोटा भरून निघत नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये सुमारे २१. जी गाडी पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाते, ती शुद्ध इथेनॉलवर १० च्या आसपास येईल, मग मिस्त्री कितीही कसबी असला तरी.

थोडक्यात, पद्मिनी शुद्ध इथेनॉलवर चालेल. पण ती चालवणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर पुढे लिहितो.

मळी_ते_मद्यार्क

मी आसवनीत रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले आहे. वारणाकाठ यांच्या लिखाणात कारखान्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आसवनीतून थेट कॅन भरून आणण्याचा विचार कोणी मनात आणू नये. स्पिरिट बाळगणे आणि वाहून नेणे यावर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय हे केले तर तो गुन्हा ठरतो. शिवाय आसवनीतून निघणारा प्रत्येक द्रव इंधन नसतो. साध्या ऊर्ध्वपातनाने जे रेक्टिफाइड स्पिरिट मिळते त्यात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी राहतेच, कारण त्या प्रमाणाला पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळतात आणि पुढे वेगळे होत नाहीत. ते उरलेले पाणी मॉलिक्युलर सीव्हच्या स्तंभांतून काढले की ९९.५ टक्क्यांच्या वरचे निर्जल इथेनॉल तयार होते. पेट्रोलमध्ये मिसळायला तेच चालते.

याचे कारण असे की इथेनॉल पाण्यातही विरघळते आणि पेट्रोलमध्येही विरघळते, पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेते आणि दोघे मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. दहा टक्के मिश्रणात नेहमीच्या तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी सामावते, वीस टक्क्यांत त्याहून थोडे अधिक. तळाशी साचलेला हा थर इंजिनात गेला की गाडी बंद पडते आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. नुसते इथेनॉल असेल तर पाणी त्यात पूर्ण मिसळून राहते, थर पडत नाही. पण अर्धी टाकी पेट्रोल आणि वर पाणीदार स्पिरिट असे कोणी केले तर ते हमखास फाटते.

धातू आणि रबराबद्दलही लिहितो, कारण जुन्या गाडीत खरा धोका तिथे आहे. जुन्या टाक्यांना आतून शिसे-कथलाचा थर असतो, कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते, आणि काही ठिकाणी ॲल्युमिनियम असते. पाणी शोषलेले इथेनॉल या तिघांनाही खाते. पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉलमधून थोडी वाहते, त्यामुळे दोन वेगळे धातू जिथे एकत्र येतात तिथे गंज अधिक वेगाने धरतो. कार्बोरेटरचा फ्लोट बाउल (इंधन साठणारी वाटी) उघडल्यावर तळाशी पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली तर ते जस्ताचे गंजणे समजावे. नैसर्गिक रबर, बुचाचे गास्केट आणि जुन्या प्रतीचे नायट्राइल रबर फुगते, मऊ पडते आणि नंतर चिरते. या सगळ्याच्या जागी फ्लोरो-इलास्टोमर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, ते वापरावे.

कांपिनासहून

मी बरीच वर्षे ब्राझीलमध्ये आहे, म्हणून तिथला अनुभव मांडतो. जुन्या पेट्रोल गाड्या मोठ्या प्रमाणावर अल्कोहोलवर नेण्याचे काम याच देशाने केले.

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा ब्राझीलने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी प्रोआल्कूल हा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. सांव जोसे दोस काम्पोस येथील वैमानिकी संशोधन केंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ या प्राध्यापकांच्या गटाने पेट्रोलच्या गाड्यांची इंजिने बदलून १९७६ मध्ये तीन गाड्या देशभर फिरवल्या. त्यांत एक डॉज, एक फोक्सवॅगन बीटल आणि एक ब्राझिलियन बनावटीची गुर्गेल होती. कारखान्यातून अल्कोहोलसाठीच बनून आलेली फियाट १४७ ही १९७९ ची. दरम्यान हजारो जुन्या गाड्या कार्यशाळांमध्ये बदलून घेतल्या गेल्या, आणि पहिला धडा तिथेच मिळाला. जिथे फक्त जेट बदलले आणि बाकी तसेच ठेवले, तिथे कार्बोरेटर गंजले, टाक्या खराब झाल्या आणि सकाळी गाड्या सुरू होईनाशा झाल्या. पुढे कंपन्यांनी कार्बोरेटरला आतून निकेलचा मुलामा दिला, टाक्यांचा थर बदलला आणि इनटेकला एक्झॉस्टजवळची गरम हवा देण्याची सोय केली.

सकाळच्या सुरुवातीसाठी बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असे. चालक एक बटण दाबून त्यातले थोडे पेट्रोल इनटेकमध्ये सोडत असे आणि मग किल्ली फिरवत असे. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफच तयार होत नाही, म्हणून ही सोय लागत असे. वारणाकाठ, डिसेंबरात तुमच्याकडे पहाटे पारा याच्या आसपास किंवा खाली येतो, त्यामुळे शुद्ध इथेनॉलवर गाडी न्यायची तर तुम्हालाही असे काहीतरी लागेल. पंच्याऐंशी टक्क्यांच्या मिश्रणात पंधरा टक्के पेट्रोल ठेवतात, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

आणखी एक गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्याला इथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्या फक्त अल्कोहोलच्या होत्या. साखरेला जागतिक बाजारात चांगला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोलच मिळेना. लोकांचा त्या गाड्यांवरचा विश्वास उडाला तो २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या येईपर्यंत परत आला नाही. एकाच इंधनावर अडकलेली गाडी आणि उसाचे लहरी वर्ष यांची गाठ पडली की मालकाचे हाल होतात, हे इथे प्रत्यक्ष घडलेले आहे.

मळी_ते_मद्यार्क

कांपिनासहून यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगतो की आपल्याकडेही त्याची झलक दिसली आहे. पाऊस कमी पडून साखर कमी होईल अशी चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आणली होती. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या त्यांची तेव्हा मोठी अडचण झाली.

मिश्रणाचा प्रयोग आपल्या भागाला नवा नाही, हेही नोंदवतो. २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाची जी पथदर्शी केंद्रे सुरू झाली त्यांतली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे होती. जानेवारी २००३ मध्ये त्याचा विस्तार नऊ राज्यांत झाला, दहा टक्के २०२२ मध्ये गाठले गेले आणि वीस टक्क्यांच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

नियमावली

कागदपत्रांची बाजू मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंधनाचा प्रकार हा त्यातला एक तपशील आहे. दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी रूपांतरण किट बसवण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण किट मान्यताप्राप्त असावे लागते आणि ते बसवल्यावर प्रमाणपत्रावर तशी नोंद करून घ्यावी लागते. सीएनजीच्या बाबतीत पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून मान्यता मिळालेली किट आहेत, ती बसवणारी अधिकृत केंद्रे आहेत आणि आरटीओला ती प्रक्रिया अंगवळणी पडली आहे. इथेनॉलसाठी अशी साखळी आपल्याकडे उभी राहिलेली नाही. गावातल्या गॅरेजमध्ये जेट बदलून गाडी शुद्ध इथेनॉलवर नेली आणि प्रमाणपत्रावर पेट्रोलच राहिले, तर पुनर्नोंदणीच्या तपासणीत अडचण येऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुर्दैवाने गाडीला आग लागली किंवा अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

फ्रान्समध्ये सरकारने नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने पंच्याऐंशी टक्के इथेनॉलसाठी रूपांतरण पेट्यांना रीतसर मान्यता देण्याची पद्धत घातली. प्रशिक्षित माणसाने ती बसवायची आणि गाडीच्या कागदावर इंधन बदलून घ्यायचे, अशी ती व्यवस्था आहे. मात्र ती इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे, कार्बोरेटरच्या नव्हे. आपल्याकडे असे काही व्हावे असे मलाही वाटते, पण ते होईपर्यंत पद्मिनीवर प्रयोग करू नये.

ज्योती_नाशिक

माझ्याकडे २००४ ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेली) झेन आहे. तिच्यासाठी वेगळे काही करावे लागेल का? मला शुद्ध इथेनॉल नको आहे, सध्याच्या वीस टक्क्यांवर ती व्यवस्थित चालावी एवढेच हवे आहे.

यंत्रशाळा

ज्योतीताई, तुमच्या गाडीत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहे. हवा-इंधनाचे मिश्रण पातळ झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, की तो ते ओळखतो आणि संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. वीस टक्के मिश्रणासाठी मूळ पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के इंधन जास्त लागते आणि तेवढी दुरुस्ती संगणक सहज करतो. जेट किंवा टायमिंगच्या वाटेला जाण्याची गरज नाही. पाहायचे ते रबरी पाइप, टाकीतल्या पंपाचा जाळीदार गाळक आणि इंजेक्टरचे ओ-रिंग. सेन्सर जुना होऊन मंदावला असेल तर तो बदला, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पैशांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, तो इथे देतो, चुकत असल्यास दुरुस्त करावा.

यंत्रशाळा यांनी दिलेल्या आकड्यांवरून वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा येते आणि शुद्ध इथेनॉलमध्ये २१. म्हणजे इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तरच किलोमीटरमागे बचत होते. पेट्रोल १०४ रुपये धरले तर इथेनॉल साधारण ७३ रुपयांच्या आत पडायला हवे. तेल कंपन्या कारखान्यांकडून ज्या दराने इथेनॉल घेतात ते दर पाहिले तर बी हेवी मळीच्या (साखर पूर्ण न काढलेल्या मळीच्या) इथेनॉलला ६०.७३ रुपये, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये असे आहेत. त्यावर पाच टक्के जीएसटी, वाहतूक, साठवण आणि पंपचालकाचे कमिशन चढते. मक्याचे इथेनॉल तर जीएसटीतच ७५ रुपयांच्या पुढे जाते. म्हणजे बचतीच्या नावाने हे पाऊल उचलण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे. शेतकरी म्हणून मला हेही दिसते की ऊस उत्पादकाचे हित पंपावरच्या मिश्रणातून आधीच साधले जात आहे. माझी एक गाडी शुद्ध इथेनॉलवर गेली म्हणून त्यात फरक पडणार नाही.

तेव्हा आता माझा प्रश्न मी बदलतो. शुद्ध इथेनॉलचा विचार बाजूला ठेवतो. मूळ पेट्रोलसाठी बनलेली ही गाडी वीस टक्के मिश्रणावर पुढची दहा-पंधरा वर्षे निर्धोक चालावी यासाठी नेमके काय काय करावे?

पंचवटी_मोटर्स

माझ्या मते या विषयाचा बाऊ केला जात आहे. मी वीस टक्के मिश्रणावर जुनी गाडी काहीही न बदलता चालवतो आणि ती उत्तम चालते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये या इंधनाविरुद्धची याचिका फेटाळली आहे.

यंत्रशाळा

पंचवटी, न्यायालयाने याचिका फेटाळली ही गोष्ट खरी आहे, पण तिथला प्रश्न धोरणाचा होता, एखाद्या जुन्या गाडीतला रबरी पाइप टिकेल की नाही याचा नव्हता. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलेले आहे की मूळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सुमारे ६ ते ७ टक्के कमी होईल. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग वीस टक्क्यांना टिकतील असे बनवलेले असतात. १९८९ च्या गाडीचे तसे नाही. तुमच्या गाडीचे पाइप कदाचित अलीकडे बदललेले असतील. ते फुगतात आतून, आणि वरून बरेच दिवस चांगले दिसतात.

वारणाकाठ, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात हजारो जुन्या गाड्या आज याच अवस्थेत चालत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे मालक मिश्रण बदलले आहे हे लक्षात न घेता फक्त ट्यूनिंग करून घेत आहेत.

पहिले काम पाइपांचे. बॉनेट उघडल्यावर येणारा वास हा धोक्याचा इशारा आहे, तो सोडवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. टाकीपासून धातूच्या नळीपर्यंत, नळीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत असे रबरी तुकडे असतात. प्रत्येक तुकडा काढा, बोटांमध्ये वाकवून पाहा आणि कापसाचा बोळा आतून फिरवा. बोळ्यावर काळा रंग उतरला तर आतला थर सुटू लागला आहे असे समजा. हेच कण पुढे जाऊन जेटमध्ये अडकतात. नवा पाइप घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता पाइपावर छापलेले वाचा. एसएई जे३०आर९ असे लिहिलेला इंजेक्शन दर्जाचा पाइप घ्या, कारण त्याचा आतला थर फ्लोरो-इलास्टोमरचा असतो. क्लिपही नव्या घ्या, दातेरी जुन्या क्लिपा नव्या पाइपाला चिरतात.

दुसरे काम पंपाचा डायफ्रॅम. जुना डायफ्रॅम पातळ झाला की पेट्रोल दोन ठिकाणी जाते, एक तर पंपाच्या श्वासछिद्रातून बाहेर, आणि दुसरे आतून थेट ऑइलमध्ये. ऑइलच्या दांडीवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी अजिबात सुरू करू नका, आधी डायफ्रॅम आणि ऑइल बदला. उन्हाळ्यात पद्मिनी टॅक्सीचे चालक पंपावर ओले फडके टाकत असत हे अनेकांना आठवत असेल. थोडे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मूळ पेट्रोलपेक्षा लवकर वाफाळते, तेव्हा ही तक्रार वाढू शकते. पंपाखालचा उष्णतारोधक स्पेसर जागेवर आणि अखंड आहे याची खात्री करा आणि पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधा.

तिसरे काम टाकीचे, आणि ते पुढे ढकलू नका. इथेनॉल चांगले विद्रावक असल्यामुळे टाकीच्या भिंतीला अनेक वर्षे चिकटून बसलेला पेट्रोलचा डिंक आणि गंजाचा पापुद्रा ते सोडवते. टाकी उतरवून रिकामी करा, उजेडाने आत पाहा, गंज असेल तर साफ करून घ्या. आतून लेप द्यायचा असेल तर तो इथेनॉलला टिकणारा आहे हे डब्यावर वाचूनच द्या, कारण काही जुन्या प्रकारचे लेप इथेनॉलमध्ये सुटतात आणि त्यांचे तुकडे नळीत जाऊन बसतात. पंपाच्या आधी पारदर्शक गाळक बसवा आणि सुरुवातीला तो वरचेवर पाहत राहा.

त्यानंतर कार्बोरेटर. मूळ पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणाला मापाने सात-आठ टक्के इंधन जास्त लागते, म्हणजे मेन जेटचा व्यास साधारण चार टक्के वाढवायचा. ११० चा ११५ एवढा बदल पुरेसा आहे, त्याहून मोठी उडी घेऊ नका. फ्लोट पितळी असेल तर कानाजवळ हलवून पाहा, आत इंधन खळखळत असेल तर त्याला बारीक भेग आहे. बाउलचे गास्केट आणि सुईची झडप नवी घाला. पिकअपला अडखळणे हे पातळ मिश्रणाचे लक्षण आहे, पण फक्त त्यावरून निष्कर्ष काढू नका. गाडी मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने थोडी चालवून, इंजिन लगेच बंद करून प्लग काढा. चुन्यासारखा पांढरा प्लग पातळ मिश्रण दाखवतो, काजळीचा काळा जाड मिश्रण दाखवतो आणि फिकट तपकिरी बरोबर असतो.

पीयूसीच्या यंत्राचाही इथे उपयोग होतो. तुमच्या गाडीएवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि बहुतेकजण कागद मिळाला की आकड्याकडे पाहत नाहीत. जेट बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. आयडलिंगला हा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला असेल आणि इंजिन थरथरत असेल तर मिश्रण पातळ आहे. एक ते दोन टक्क्यांत इंजिन शांत चालते आणि मर्यादाही पाळली जाते.

टायमिंग मात्र जेट बसल्यावरच पाहा. वीस टक्के मिश्रणाचा ऑक्टेन ९५ आहे, तेव्हा चढावर खडखड न येता दोन अंश पुढे घेता येते आणि गेलेल्या ताकदीतला थोडा भाग परत मिळतो.

मळी_ते_मद्यार्क

टाकीत प्रत्यक्षात किती इथेनॉल आहे हे घरी पाहण्याची रीत देतो. १०० मिलिलिटरचा खुणा असलेला काचेचा उभा मापक घ्या. त्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून तोंड बंद करा, हलवा, मधूनमधून वाफ सोडा आणि मग स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्याकडे जाते आणि खालचा थर वाढतो. खालच्या थराचे माप वजा १० म्हणजे ९० मिलिलिटरमधले इथेनॉल. वीस टक्के मिश्रणात खालचा थर २८ च्या जवळ दिसायला हवा, थोडा कमीच दिसतो कारण काही इथेनॉल वर राहते. हे काम उघड्यावर, ज्वाला आणि ठिणगीपासून दूर करायचे आहे, आणि वापरलेले पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचे नाही.

तुमची गाडी आठवड्यातून एकदोनदाच निघते, म्हणून पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा गरम आणि रात्री गार होताना ती बाहेरची दमट हवा ओढते आणि इथेनॉल त्यातले पाणी धरून ठेवते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर त्याआधी कार्बोरेटरच्या बाउलमधले इंधन काढून टाका.

वारणाकाठ

आता कामाचा क्रम स्पष्ट झाला. पाइप आणि डायफ्रॅम या आठवड्यात बदलून घेतो, तोपर्यंत गाडी उभी ठेवतो. टाकी उतरवण्याचे काम गळीत हंगामाच्या गडबडीतून सवड काढून करीन. एकच शेवटची विचारणा आहे. यंत्रशाळा, जेट टाकी साफ करण्याआधी बदलला तर चालेल का? मिस्त्री म्हणतात की पिकअपचा त्रास आधी घालवू.

यंत्रशाळा

चालणार नाही. पिकअपचा त्रास जेटमुळे आहे की टाकीतल्या कचऱ्याने मूळ जेट अर्धवट बुजल्यामुळे आहे, हे टाकी आणि बाउल साफ झाल्याशिवाय कळणार नाही. आधी पाइप, डायफ्रॅम, टाकी, गाळक, मग जुन्याच जेटवर प्लग आणि पीयूसीचा आकडा पाहा. तरीही पातळ दिसले तर ११५ घाला. काढलेला मूळ जेट पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा, तो आता सहज मिळत नाही.